टाकीतलं पाणी अल्ट्रासॉनिक सेन्सरने मोजताना : ५८ ने भागायचं, पण कोणत्या ऋतूत?

ऊनपाऊस (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सिमेंटची टाकी आहे. आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, दीड मीटर खोल. पाणी किती उरलंय हे बघायला कोणीतरी वर जाऊन झाकण उचलावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी हे काम वॉचमनकाकांच्या वाट्याला येतं. ते थांबावं म्हणून मी टाकीवर सेन्सर बसवायला घेतला आहे. जे समजलं ते इथे मांडतो, कारण नेटवर या विषयावर जे मिळतं ते बहुतेक 'ही तार इथे लावा, हा कोड चिकटवा' इतक्यावरच संपतं.

सेन्सर नेहमीचाच, एचसी-एसआर०४. निळी पट्टी, त्यावर दोन गोल डबे. एकाशेजारी टी छापलेलं असतं, दुसऱ्याशेजारी आर. टी आवाज सोडतो, आर ऐकतो. पिना चार : ५ व्होल्ट, ग्राउंड, ट्रिग आणि एको. ट्रिग पिन १० मायक्रोसेकंद वर धरली (म्हणजे तिच्यावर व्होल्टेज दिलं) की सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या ८ लहरी सोडतो. माणसाच्या कानाची मजल साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणून आपल्याला काही ऐकू येत नाही. लहरी सुटल्या की एको पिन वर जाते आणि प्रतिध्वनी परत आला की खाली येते. अर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने) फक्त एवढंच मोजायचं की ती पिन किती वेळ वर होती.

सगळ्या धाग्याचा मुद्दा इथेच आहे. हा सेन्सर अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. अंतर आपण काढतो, आणि ते काढताना ध्वनीचा वेग आपण गृहीत धरतो. गृहीतक चुकलं की सेन्सर कितीही चांगला असो, उत्तर चुकणार.

सूत्र सोपं आहे :

अंतर = वेळ × ध्वनीचा वेग ÷ २

दोनने भागायचं कारण आवाज जाऊन परत येतो. सगळीकडे दिसणारं 'मायक्रोसेकंदांना ५८ ने भागा, सेंटिमीटर मिळतील' हे याच सूत्राचं आवरलेलं रूप आहे. १ सेंटिमीटर जाऊन यायला ५८ मायक्रोसेकंद लागतात असं म्हटलं, की आपण ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर मानला. हवेत हा वेग २२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. आमच्या गच्चीवर २२ अंश केव्हा असतात? डिसेंबरमध्ये, तेही दिवसाचे काही तास.

हवेतल्या ध्वनीचा वेग तापमानाबरोबर असा बदलतो :

वेग (मीटर प्रति सेकंद) = ३३१.३ + ०.६०६ × तापमान (अंश सेल्सिअस)

आता टाकी रिकामी व्हायला आली आहे, पाणी सेन्सरपासून बरोबर १५० सेंटिमीटर खाली आहे असं धरा. टाकीतली हवा ४५ अंशांवर असेल तर वेग सुमारे ३५८.६ होतो. आवाज ८३६६ मायक्रोसेकंदांत परत येतो. त्याला ५८ ने भागलं की उत्तर १४४.२. म्हणजे जवळजवळ ६ सेंटिमीटरचा फरक. आमच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. मीटर सांगणार की साडेतीनशे लिटर आणखी आहेत, आणि ते पाणी टाकीत नाहीच. उलट जानेवारीत पहाटे १० अंशांवर हेच अंतर १५३.३ दिसेल, म्हणजे आहे त्यापेक्षा दोनशे लिटर कमी.

चूक कोणत्या बाजूला जाते तेही बघा. उन्हाळ्यात, पाण्याची खरी ओढ असते तेव्हाच, मीटर पाणी जास्त दाखवतो. शिवाय टाकी जितकी रिकामी तितकी चूक मोठी, कारण ती अंतराच्या प्रमाणात वाढते.

उपाय म्हणजे टाकीतलं तापमान मोजून सूत्रात घालायचं. मी डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर वापरतोय. जलरोधक नळीत मिळतो, एका डेटा तारेवर चालतो, त्या तारेला ४.७ किलोओहमचा पुल-अप (तार व्होल्टच्या बाजूला ओढून धरणारा रेझिस्टर) लागतो. त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत असते. अर्ध्या अंशाने १५० सेंटिमीटरमध्ये दीड मिलिमीटरही फरक पडत नाही. हवेतल्या दमटपणाचाही थोडा परिणाम होतो, पण तापमानापुढे तो बराच कमी आहे, म्हणून सोडून दिला.

आता विचारायचं आहे ते असं. मधूनच एखादं रीडिंग भलतंच येतं, त्याचं काय करावं? आणि बंद टाकीतल्या वाफेत हा उघडा सेन्सर टिकेल का? ज्यांनी टाकीवर प्रत्यक्ष बसवलाय त्यांनी जरूर लिहा.

---

तिसरा_मजला

उत्तम धागा. ५८ हा आकडा मी आजवर सेन्सरचा गुणधर्म समजत होतो, तो हवेचा आहे हे आता कळलं.

शंका : मी अर्डुइनोऐवजी ईएसपी३२ (वायफाय असलेला तसाच बोर्ड) घेतलाय, मोबाइलवर बघता यावं म्हणून. जोडणी तीच ठेवायची ना?

---

ऊनपाऊस

@तिसरा_मजला, एको पिन थेट जोडू नका. एचसी-एसआर०४ ला ५ व्होल्ट दिले की एकोही ५ व्होल्टच देते, आणि ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. रास्पबेरी पायचंही तसंच. दोन रेझिस्टर पुरतात. एकोपासून १ किलोओहम, तिथून ईएसपीची पिन, आणि त्याच सांध्यातून २ किलोओहम ग्राउंडला. ५ चे दोन तृतीयांश, ३.३ व्होल्ट, पिनवर येतात. ट्रिगला काही लागत नाही, ईएसपीचे ३.३ व्होल्ट सेन्सरला समजतात.

एचसी-एसआर०४पी नावाचा प्रकारही मिळतो, तो ३.३ व्होल्टवर चालतो. तो घेतला तर रेझिस्टरची भानगड नाही.

---

कवडसा

मी बीड जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये हा सेन्सर मुलांचा सगळ्यात लाडका आहे, कारण हात पुढे धरला की आकडा लगेच हलतो.

आम्ही प्रश्न उलटा करतो. अंतर माहीत आहे, वेग काढा. व्हरांड्यात भिंतीपासून ५० सेंटिमीटर आणि १५० सेंटिमीटर अशा दोन खुणा खडूने करायच्या. दोन्ही ठिकाणी सेन्सर ठेवून मायक्रोसेकंद लिहून घ्यायचे आणि वजाबाकी करायची. जी वेळ उरते ती बरोबर १ मीटर जाऊन यायला लागलेली. सकाळच्या प्रार्थनेनंतर ती ५८४० च्या आसपास येते, दुपारच्या सुट्टीत ५६५० च्या आसपास. मुलं स्वतः भागाकार करतात : सकाळी ३४२, दुपारी ३५४. मग भिंतीवरचा तापमापक वाचून सूत्राशी पडताळतात. ध्वनीचा वेग ३४० असं पाठ केलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसतं त्यासाठी मी हा प्रयोग दरवर्षी घेते.

वजाबाकी मुद्दाम आहे. सेन्सरला पहिली लहर पोचल्या क्षणी प्रतिध्वनी कळत नाही. आवाज पुरेसा मोठा झाला की मगच तो दखल घेतो. हा उशीर प्रत्येक रीडिंगमध्ये थोडा असतोच. दोन रीडिंगांची वजाबाकी केली की तो निघून जातो. ऊनपाऊस, तुम्ही टाकीवरही हे करू शकता. टाकी भरलेली असताना एकदा आणि अर्धी असताना एकदा टेपने मोजा, म्हणजे हा कायमचा फरक किती आहे ते कळेल आणि कोडमध्ये एकदाच वजा करता येईल.

---

ऊनपाऊस

कवडसाताई, फार उपयोगी सांगितलंत. तापमानाची चूक अंतराबरोबर वाढते आणि हा उशीर मात्र कायम तेवढाच राहतो. दोन वेगळ्या चुका, त्यांना दोन वेगळी औषधं. एकाच 'करेक्शन फॅक्टर'मध्ये दोन्ही कोंबू नयेत हे आता स्पष्ट झालं.

---

सोल्डरगन

भलत्या रीडिंगांबद्दल. त्यांचे दोन प्रकार आहेत, वेगवेगळे हाताळा.

पहिला प्रकार शून्य. अर्डुइनोचं पल्सइन हे फंक्शन ठरलेल्या वेळात पल्स (एको पिन वर जाऊन खाली येणं) पूर्ण झाली नाही तर शून्य परत करतं. ही वेळ दिली नाही तर ते १ सेकंद वाट बघतं, आणि तोवर बाकीचा प्रोग्रॅम तिथेच अडकतो. फंक्शनच्या कंसात तिसरा आकडा म्हणून ३०००० मायक्रोसेकंद द्या. तेवढ्यात आवाज ५ मीटरच्या पुढे जाऊन येतो, टाकीला भरपूर झालं.

पण महत्त्वाचं हे की ते शून्य म्हणजे शून्य सेंटिमीटर नव्हे. 'प्रतिध्वनी ऐकू आला नाही' इतकाच त्याचा अर्थ. पाण्याची उंची काढताना आपण तळापर्यंतच्या अंतरातून रीडिंग वजा करतो. शून्य तसंच आत गेलं तर टाकी तुडुंब भरल्याचं दिसेल. पुढे मोटर जोडलेली असेल तर ती सुरूच होणार नाही, आणि सेन्सरची तार तुटलीये हे कोणालाच कळणार नाही. शून्य आलं की रीडिंग फेकून द्या, आणि लागोपाठ शून्यं येत राहिली तर पडद्यावर 'सेन्सर बंद' असं स्पष्ट लिहा.

दुसरा प्रकार खोट्या आकड्यांचा. नळाची धार सुरू असताना पाण्यावर उठलेल्या लाटा, टाकीतली शिडी, भिंतीवरून फिरून आलेला आवाज, कारणं बरीच असतात. इथे सरासरी काढू नका, मध्यक काढा. समजा पाच रीडिंग आली : ६२, ६२, ६१, २१४, ६२. सरासरी ९२ येते, टाकीत असं अंतर कुठेच नाही. चढत्या क्रमाने लावून मधलं उचललं तर ६२, आणि ते खरं आहे. न्यूपिंग लायब्ररीत (अशा सेन्सरसाठीच्या तयार कोडमध्ये) मध्यकाची सोय तयार आहे.

दोन रीडिंगांमध्ये किमान ६० मिलिसेकंद जाऊ द्या. सेन्सरच्या माहितीपत्रातही तसंच म्हटलंय. नाहीतर आधीच्या हाकेचा उरलेला प्रतिध्वनी नव्या हाकेचं उत्तर म्हणून मोजला जातो. बंद सिमेंटच्या टाकीत आवाज बराच वेळ घुमतो, मी तर तिथे १०० ठेवतो.

---

रानमेवा

टाकीतल्या वाफेबद्दल अनुभवाने सांगते. आमच्या शेतावरच्या टाकीत उघडा एचसी-एसआर०४ बसवला होता. पावसाळ्यापर्यंत चालला. मग सकाळी रीडिंग यायचीच नाहीत, दुपारी यायची. झाकण काढून बघितलं तर दोन्ही डब्यांच्या जाळीत दवाचे थेंब बसलेले, पट्टीच्या मागे सोल्डरवर हिरवट बुरशीसारखा थर.

आता जेएसएन-एसआर०४टी आहे, गाडीच्या मागच्या बंपरला असतो तसा एकच काळा बंद डोळा, लांब तारेवर. सर्किटची पट्टी बाहेर कोरड्या डब्यात राहते. जोडणी आणि कोड तोच चालला.

एक गोष्ट आधी समजून घ्या. सोडायला आणि ऐकायला एकच डोळा आहे. आवाज सोडल्यावर त्याची स्वतःची थरथर थांबेपर्यंत त्याला काही ऐकता येत नाही. त्यामुळे २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं काही तो धड मोजू शकत नाही. उघड्या सेन्सरला २ सेंटिमीटरपासून दिसतं, याला नाही. टाकी पूर्ण भरल्यावर पाणी झाकणाच्या १५ सेंटिमीटर खाली येत असेल तर नेमकी भरलेली टाकीच याला दिसणार नाही.

आम्ही झाकणाला भोक पाडून त्यावर रुंद पाइपचा तुकडा उभा केला आणि सेन्सर वर नेला. पाइप रुंदच घ्या. अरुंद पाइपच्या कडेवरूनच आवाज परत येतो आणि आकडा तिथेच अडकून बसतो.

---

ऊनपाऊस

रानमेवा, मनापासून आभार. आमचा ओव्हरफ्लोचा पाइप झाकणाच्या १८ सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे सेन्सर वर उचलावाच लागणार.

भिंतीपासून किती दूर धरावा? एचसी-एसआर०४ च्या माहितीपत्रात मापनाचा कोन १५ अंश दिलाय. तो पूर्ण शंकूचा कोन धरला तर दीड मीटर खाली सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ होतं. प्रत्यक्षात आवाज त्याच्या बाहेरही पसरतो.

---

रानमेवा

निदान ४० सेंटिमीटर भिंत सोडा, आणि पाणी आत येतं त्या नळाच्या विरुद्ध कोपऱ्याकडे सरका. सेन्सर ओळंब्यात बसवा. पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यामुळे आवाज आरशासारखा परततो. सेन्सर तिरका झाला की तो दुसरीकडेच निघून जातो.

---

कवडसा

तिरकेपणाचा प्रयोग घरी करून बघता येतो. सेन्सरपुढे हातभर अंतरावर पुठ्ठा धरा आणि सावकाश वळवा. आकडा बराच वेळ स्थिर राहतो आणि एका कोनाला एकदम उडी मारून मागच्या भिंतीचं अंतर दाखवतो. पुठ्ठा समोर आहे, डोळ्यांना दिसतोय, पण सेन्सरच्या लेखी नाही. पुठ्ठ्याऐवजी लोकरीचा स्वेटर धरला तरी असाच घोटाळा होतो, तो आवाज शोषून घेतो.

---

दूरदेशी_शाम

मी जर्मनीत वाहनउद्योगात आहे. गाडी मागे घेताना टूं-टूं करणारे पार्किंग सेन्सर याच तत्त्वावर चालतात आणि तिथेही तापमानाची दुरुस्ती करावीच लागते, कारण तीच गाडी हिवाळ्यात उणे १५ अंशांत आणि उन्हाळ्यात ३५ अंशांत चालते.

घरगुती वस्तूत हे तंत्र आलं ते कॅमेऱ्यामुळे. पोलरॉइडने १९७८ मध्ये ध्वनीने अंतर मोजून आपोआप फोकस करणारा कॅमेरा काढला. त्याचं अंतर मोजणारं मॉड्यूल पुढे कित्येक वर्षं यंत्रमानव बनवणाऱ्यांच्या आवडीचं होतं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली स्मार्टकेन. अंध व्यक्तींच्या पांढऱ्या काठीवर बसवायचं हे उपकरण गुडघ्याच्या वरच्या पातळीवरचे अडथळे ध्वनीने ओळखतं आणि मुठीत कंपनं देऊन सांगतं. काठी जमिनीवरचा खड्डा सांगते, पण समोर लोंबणारी फांदी सांगत नाही. ती उणीव हे भरून काढतं. माझ्या मते या तंत्राचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

---

तिसरा_मजला

एक विचारतो. लेझरवाले छोटे सेन्सर मिळतात, व्हीएल५३एल०एक्स वगैरे. प्रकाशाला तापमानाची भानगडच नाही. ते का नकोत?

---

सोल्डरगन

पाण्यासाठी नकोत. स्वच्छ पाण्यातून बराचसा प्रकाश आत शिरतो, म्हणून कधी पृष्ठभागाचं अंतर येतं, कधी तळाचं, कधी मधलंच काहीतरी. आवाजाला हवेतून पाण्यात शिरणं जवळजवळ अशक्य असतं, तो सगळाच्या सगळा परततो. पाण्याची पातळी बघायला ध्वनी हेच योग्य साधन आहे.

आणि मिलिमीटरच्या मागे कोणी लागू नका. ४० किलोहर्ट्झची एक लहर २५ मायक्रोसेकंदांची असते. प्रतिध्वनी क्षीण असला तर सेन्सर एक लहर उशिरा जागा होतो आणि उत्तर ४ मिलिमीटरने सरकतं. अर्डुइनो उनोचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी चालतं, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून कमी, तिथे अडचण नाहीच. टाकीसाठी १ सेंटिमीटर खात्रीचा मिळाला की काम झालं.

---

पाटकरी

इतकं सगळं करण्यापेक्षा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) का नको? शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, वर्षानुवर्षं चालतो.

---

ऊनपाऊस

पाटकरीसाहेब, फ्लोट हवाच. पण तो फक्त 'भरली' किंवा 'संपली' इतकंच सांगतो. दुपारी चारला किती पाणी आहे, संध्याकाळच्या फेरीपर्यंत पुरेल का, टँकर सांगावा का, हे ठरवायला मधली पातळी लागते. म्हणून पातळी सेन्सरकडून घ्यायची आणि मोटर बंद करायचा शेवटचा अधिकार फ्लोटला, मायक्रोकंट्रोलरला (अर्डुइनो किंवा ईएसपीला) न विचारता. प्रोग्रॅम लटकला तरी टाकी वाहू नये.

मोटरच्या बाबतीत आणखी एक. बाजारात मिळणारा छोटा निळा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) थेट मोटरला लावू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते, त्यात त्याचे संपर्क चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. रिलेने कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेपणारा मोठा रिले) चालवायचा, कॉन्टॅक्टरने मोटर. आणि २३० व्होल्टचं हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

---

पाटकरी

पटलं. मग तापमानाचा सेन्सर कुठे लावणार? झाकणाला लावलात तर झाकणाचंच तापमान येईल.

---

ऊनपाऊस

बरोबर पकडलंत. उन्हात टाकीचं झाकण तापतं, त्याच्या खालची हवा गरम असते आणि पाण्यालगतची त्यामानाने थंड. आवाज या सगळ्या थरांतून जातो, त्यामुळे आपल्याला सरासरी हवी. डीएस१८बी२० झाकणापासून ७० सेंटिमीटर खाली, हवेत लोंबता सोडणार आहे. टाकी भरलेली असेल तेव्हा तो पाण्यात बुडेल, पण तेव्हा अंतरच इतकं कमी असतं की १५ अंशांनी चुकलं तरी सेंटिमीटरभर फरक पडणार नाही.

---

तिसरा_मजला

शेवटचं विचारतो. टाकीपासून तळमजल्यावरच्या वॉचमनच्या खोलीपर्यंत तार किती लांब चालेल?

---

सोल्डरगन

एकोची तार चार मजले खाली आणू नका. ती पल्स वाटेत बिघडते, आणि शेजारून मोटरची केबल जात असेल तर खोट्या पल्सही दिसतात. मायक्रोकंट्रोलर वरच, टाकीजवळ, पावसापासून बंद डब्यात ठेवा आणि तयार आकडा खाली पाठवा. ईएसपी३२ ला गच्चीवर वायफाय मिळत असेल तर तेच वापरा. मिळत नसेल तर आरएस-४८५ चं (लांब तारेवरून आकडे पाठवायच्या पद्धतीचं) मॉड्यूल दोन्ही टोकांना लावा आणि मध्ये पीळ दिलेल्या तारांची जोडी टाका, इमारतीपुरतं अंतर त्याला काहीच नाही. डब्याचं तोंड खाली ठेवा आणि केबल खालूनच आत घ्या.